विंडोज १० गेलं, सगळे कॉम्प्युटर बदलूलालेत, मग शेअर कुठला घ्यायचा?

लूमवाला_अशोकचौक
मंडळी दोन प्रश्न आहेत, एकाच धाग्यात विचारूलालोय, मॉडरेटर रागवू नका. आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात एक जुना असेंबल्ड कॉम्प्युटर आहे, आय थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० ची हार्डडिस्क. टॅली, ई-वे बिल, जीएसटी, बँकेची साईट, बास. चालू केला की टॅली उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता येतं. आता त्यावर विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून मेसेज येतोय, आणि ११ टाकायला गेलो तर तुमचा पीसी यात बसत नाही म्हणतोय. शिवाय घरी बहिणीला डिप्लोमासाठी एक लागणार, बजेट २५ हजारांच्या आत स्क्रीनसकट. नवीन घ्यावा, सेकंडहँड घ्यावा की काय करावं.
दुसरा प्रश्न, आमच्यासारखे एवढे लोक एकदम कॉम्प्युटर बदलणार असतील तर त्या कंपन्यांचे शेअर आत्ताच घेऊन ठेवायला पाहिजेत ना? ५०-६० हजार आहेत बाजूला. पप्पा म्हणतात त्यापेक्षा सूत भरून ठेव.

गड्डा_यात्रेकरू
पप्पांचं ऐक बे. निदान सूत उंदरांनी खाल्लं तर दिसतं तरी.

नवीपेठ_दुकानवाला
मालक, आधी जुन्याचं बघू. शेअरचं पोरं सांगतील.
तुमच्या मशिनला विंडोज ११ बसणार नाही, बरोबर आहे. त्याला टीपीएम २.० म्हणजे मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची, एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे. पण बसत नाही म्हणजे मशिन मेलं असं नाही. टास्क मॅनेजर उघडा आणि टॅली चालू करा, डिस्कच्या कॉलमला १०० टक्के लाल दिसेल आणि प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर निवांत. म्हणजे रडतंय कोण? हार्डडिस्क. तिच्या जागी २४० जीबीचा सॅटा एसएसडी आणि रॅमची अजून एक ४ ची पट्टी टाकली की हेच मशिन मिनिटाच्या आत टॅली उघडून देईल. चौथ्या जनरेशनला डीडीआर थ्री रॅम लागते, ती जुन्या मशिनमधून काढलेली मिळते, टेस्ट करून देतो. जुनी हार्डडिस्क फेकू नका, टॅलीच्या बॅकअपला ठेवा, पण आधी तिची हेल्थ बघा, पिवळं दाखवत असेल तर तिच्यावर काही ठेवू नका.
आणि मुख्य म्हणजे डबा उघडून साफ करून घ्या. लूमच्या ऑफिसातले डबे आमच्याकडं येतात, प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पट्ट्या दिसतच नाहीत, सगळा कापसाचा थर. पंखा बिचारा पूर्ण जोरात ओरडतोय पण खाली हवाच जात नाही, मग प्रोसेसर तापला की आपणहून वेग कमी करतो आणि तुम्हाला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला. ब्लोअर दुकानाच्या बाहेर नेऊन मारावा लागतो, नाहीतर दिवसभर अंगावर तंतू. थर्मल पेस्ट नवीन लावली की दहा-पंधरा डिग्री तरी उतरतात. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या ऑफिसात ४३-४४ डिग्रीला हे कळतं.

करसल्लागार_जुळेसोलापूर
दुकानवाले दादा, एक राहिलं. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्या मशिनवर हे बँकेचं आणि जीएसटीचं लॉगिन करणार, डीएससी म्हणजे डिजिटल सही लावणार. अपडेटशिवाय नको.

नवीपेठ_दुकानवाला
बरोबर ताई. घरगुती मशिनला एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. धंद्याच्या मशिनला वेगळा प्लॅन आहे, तिथं पहिल्या वर्षाला मशिनमागं ६१ डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट. म्हणजे लूमवाल्यांनी काय करावं? माझं मत, ऑफिससाठी आठव्या जनरेशनचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला घ्या, आणि जुना साफ करून, एसएसडी टाकून डिझाईनच्या फाईली आणि सीसीटीव्ही बघायला ठेवा, त्यावर बँक उघडू नका.
बहिणीलाही तेच. डेल, एचपी, लेनोव्होचे ऑफिसात वापरलेले छोटे डबे, आय फाईव्ह ८५००, हैदराबाद-बेंगळुरूच्या कंपन्यांचा भाडेकरार संपला की लॉटनं बाहेर येतात. डिप्लोमाला, कोडिंगला, ऑटोकॅड शिकायला भरपूर. २५ हजारांत नवीन घ्यायला गेलात तर शोरूममध्ये सेलेरॉन आणि ४ जीबी मदरबोर्डलाच चिकटवलेली असला लॅपटॉप देतील, ज्यात नंतर काही वाढवताच येत नाही. तो घेऊ नका. मी विकत नाही म्हणून नाही, तो घेणारा पोरगाच सहा महिन्यांनी आमच्या काउंटरवर येतो म्हणून सांगतो.

पुण्यातला_सोलापूरकर
लिनक्स मिंट टाका की, फुकट आहे, चौथ्या जनरेशनवर पळतं.

करसल्लागार_जुळेसोलापूर
टॅली नीट चालत नाही त्यावर, आणि डीएससीची यूटिलिटी बसवताना अर्धा दिवस जातो. बहिणीच्या मशिनवर टाका, ऑफिसात नको.

एमएससीआयटी_वाले_सर
रिफर्बिश्ड घेताना डोळे उघडे ठेवा म्हणून लिहितोय. आमच्या क्लासच्या लॅबसाठी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडनं लॉट घेतला, बोलताना म्हणाला सगळे विंडोज ११ वाले आहेत. आले, चालू केले, ११ च दिसलं. नंतर एका पोरानंच दाखवलं की सर हे आय फाईव्ह ६५०० आहेत, म्हणजे सहावी जनरेशन, तपासणी बायपास करून ११ टाकलंय. चालतात तसे, पण वर्षाचं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही, दरवेळी हातानं टाकावं लागतं आणि उद्या ते पण बंद केलं तर तक्रार कोणाकडं करणार. त्यामुळं विंडोज कुठलं दिसतंय ते बघू नका, सिस्टीमच्या पानावर प्रोसेसरचा नंबर बघा. ६५०० असेल तर सहावी, ७४०० सातवी, ८५०० आठवी, चार आकड्यातला पहिला आकडा. पाच आकडे असतील, १०४०० वगैरे, तर पहिले दोन. एवढं माहीत असलं तर कोणी टोपी घालू शकत नाही.

टेन्शन_नाही_बे
तुम्ही लोकं रॅमच्या पट्ट्या मोजत बसा बे. मायक्रॉनचा शेअर २०२५ मध्ये तिपटीच्या वर गेला. लूमवाले, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. रॅमची टंचाई आहे, बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डोळे झाकून घ्यायचा.

नवीपेठ_दुकानवाला
टंचाई आहे हे खरंय, काउंटरवरच दिसतंय. आधी आम्ही कोटेशन लिहून द्यायचो, पंधरा दिवस व्हॅलिड. आता डिस्ट्रिब्युटर सांगतो आजचा भाव आजचा, संध्याकाळी फोन केला तर वेगळा. डीडीआर फोर ८ जीबी पट्टी मागच्या वर्षी दीड-दोन हजारांत द्यायचो, तिचे दुप्पट-तिप्पट मागतात आणि गिऱ्हाईक आमच्याकडं बघतंय, जसं काय आम्हीच गोदामात दाबून ठेवलीय. कारण एआयवाल्यांच्या डेटा सेंटरला एचबीएम म्हणून महागडी मेमरी लागते, कारखान्याची ताकद तिकडं वळवली की आपल्या साध्या पट्टीला उरतं थोडं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशियल हा आपल्यासारख्यांना विकायचा ब्रँड बंद करतोय. आमच्याकडं वर्षानुवर्षं तीच पट्टी आणि त्यांचाच एसएसडी जायचा.
म्हणजे बघा, ज्या शेअरवर तुम्ही उड्या मारताय त्या कंपनीला लूमवाल्यांचा कॉम्प्युटर नकोच आहे.

टेन्शन_नाही_बे
मग मी काय म्हणतोय, पैसा तिकडं आहे ना! तिकडंच लावायचा.

म्हातारा_मुरारजीपेठ
थांबा जरा. लूमवाल्यांचा प्रश्न वेगळा होता. ते विचारत होते की लोक कॉम्प्युटर बदलणार, म्हणून शेअर वाढणार का. मायक्रॉन त्या कारणानं वाढलेला नाही. उलट रॅम महाग झाल्यामुळं लोक बदलायचं पुढं ढकलतायत, दुकानवाले सांगतीलच. अपग्रेडची मागणी एकीकडं आणि शेअरचा पैसा दुसरीकडं, यांची गाठ आपण मनातल्या मनात मारतो.
मी बँकेत होतो, शेअरचा नाद नव्वद सालापासून. स्वस्त कॉम्प्युटरची लाट मी पाहिलीय. २००५ मध्ये एचसीएलनं दहा हजारांच्या आत कॉम्प्युटर काढला तेव्हा पेपरात केवढ्या बातम्या. आमच्या शाखेत त्यांचेच बिझीबी नावाचे डबे होते. प्रत्येक घरात कॉम्प्युटर येणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि ते झालं पण. ज्यानं तेव्हा त्या कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीचा शेअर घेतला, एचसीएल इन्फोसिस्टिम्स, त्याचं काय झालं? तेव्हा दोनशेच्या वर होता, नंतर वीसच्या खाली. २०१३ च्या सुमारास त्यांनी कॉम्प्युटर बनवायचंच सोडलं. त्याच घरातली सॉफ्टवेअरवाली एचसीएल टेक्नॉलॉजीज मात्र कुठल्या कुठं गेली. अंदाज शंभर टक्के बरोबर, पैसे शंभर टक्के चुकीच्या ठिकाणी. कारण डबा विकण्यात नफा राहिला नाही, जो तो हजार-पाचशे कमी करून विकायला लागला.

लूमवाला_अशोकचौक
काका हे पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले सुतासारखंच आहे, मागणी वाढली की भाव गिरणीवाला वाढवतो, टॉवेलला भाव वाढवून मागितला तर पार्टी म्हणते दुसरीकडनं घेतो. २०२२ च्या मे मध्ये कापूस खंडीला लाखाच्या वर गेला होता तेव्हा आमच्याकडं ऑर्डर भरपूर होत्या आणि पैसा शून्य. आणि त्याच वेळी कोणीतरी त्यांना सूतगिरणीचा शेअर घ्यायला सांगत होतं. नंतर कापूस पण पडला, शेअर पण.
मग आपल्याकडं कॉम्प्युटर वाटणाऱ्या कंपन्या आहेत ना लिस्टेड, रेडिंग्टन, राशी पेरिफेरल्स. त्या?

म्हातारा_मुरारजीपेठ
पप्पांना नमस्कार सांगा, त्यांना सगळं कळलंय.
डिस्ट्रिब्युटर वाईट कंपन्या नाहीत, पण आकडे बघून घ्या. रेडिंग्टनची वर्षाची उलाढाल लाख कोटीच्या घरात, आणि शंभर रुपयांच्या विक्रीमागं निव्वळ नफा दीड-दोन रुपये. राशीचं पण त्याच पट्ट्यात. अशा धंद्यात विक्री वाढली म्हणून नफा त्याच प्रमाणात उडत नाही, कारण माल उधारीवर दुकानदाराला द्यायचा, स्टॉक गोदामात ठेवायचा, त्या सगळ्यावर व्याज. बॅलन्सशीटमध्ये बघायचं ते येणी किती दिवसांची आणि स्टॉक किती दिवसांचा. शिवाय रेडिंग्टनच्या विक्रीत मोबाईलचा मोठा वाटा आहे, तुम्हाला वाटतं तुम्ही कॉम्प्युटरवर पैसे लावलेत, प्रत्यक्षात बरेचसे मोबाईलवर.

नवीपेठ_दुकानवाला
उधारीचं बोललात काका, दुखऱ्या जागी हात ठेवलात. फक्त एक उलटं सांगतो, रॅमचा भाव चढत असताना ज्याच्या गोदामात जुन्या भावाचा माल आहे त्याला एक-दोन तिमाही मस्त नफा दिसतो. खाली आला की तेवढाच मार. तो नफा बघून कोणी शेअर घेऊ नये.

पुण्यातला_सोलापूरकर
डिक्सन? लॅपटॉप बनवतात आता भारतात, सरकारची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना पण आहे, २०२३ मध्ये आयटी हार्डवेअरसाठी १७ हजार कोटींची दुसरी योजना आलेली.

म्हातारा_मुरारजीपेठ
डिक्सन म्हणजे मुख्यतः मोबाईल. लॅपटॉपचा भाग वाढतोय पण छोटा. आणि भाव बघा, डिसेंबर २०२४ मध्ये १९ हजाराला टेकला होता, वर्षभरात १२ हजारांच्या आसपास. कंपनीची विक्री वाढतच होती त्या काळात. चांगली कंपनी आणि चांगला भाव या दोन वेगळ्या गोष्टी.

टेन्शन_नाही_बे
काका तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता. मग बँकेत एफडी करून झोपायचं का? मायक्रॉनचा पीई, म्हणजे भाव नफ्याच्या कितीपट ते, बघा किती कमी आहे, एवढी वाढून सुद्धा स्वस्त आहे.

म्हातारा_मुरारजीपेठ
इथंच लोक फसतात, म्हणून जरा लांब लिहितो. मेमरीचा धंदा चढ-उताराचा. टंचाई आली की तिन्ही कंपन्या नवीन कारखाने काढायला घेतात, ते उभे राहायला दोन-तीन वर्षं लागतात, उभे राहतात तेव्हा मागणी थंडावलेली असते, मग भाव कोसळतो. लॉकडाऊनमध्ये २०२१ ला जगात ३४-३५ कोटी कॉम्प्युटर गेले, २०२३ ला २६ कोटींच्या आसपास. त्या २०२३ च्या आर्थिक वर्षात याच मायक्रॉनला ५.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, मायक्रॉननंच घेतली. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये गेली. असल्या धंद्यात नफा शिखरावर असतो तेव्हा पीई कमी दिसतो, आणि तोटा असतो तेव्हा पीई निघतच नाही. म्हणजे जेव्हा तो आकडा स्वस्त म्हणतोय तेव्हाच सावध व्हायचं. यावेळी एआयमुळं वेगळं असेलही, मागणी लांब चालेलही, ते मी नाकारत नाही. पण वेगळं आहे यावरच पूर्ण पैसे लावायचे असतील तर हे जुनं माहीत असून लावावेत.
आणि चांगली कंपनी असून पण काय होतं ते नेटवर्कचे राउटर बनवणाऱ्या सिस्कोला विचारा. मार्च २००० मध्ये जगातली सगळ्यात मोठी कंपनी झाली होती बाजारमूल्यानं. इंटरनेट वाढणार, राउटर लागणार, सगळं खरं ठरलं. तो २००० सालचा भाव परत यायला डिसेंबर २०२५ उजाडला. २५ वर्षं, धंदा नीट चालू असून. आपल्याकडं तर तेव्हाच्या सिल्व्हरलाईन, डीएसक्यू, पेंटाफोर या सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर घेतलेल्यांना भाव परत यायची वाट बघायची पण सोय राहिली नाही.

गड्डा_यात्रेकरू
काकांनी आज सगळे मुडदे उकरून काढले.

करसल्लागार_जुळेसोलापूर
अमेरिकन शेअर घेणाऱ्यांना माझ्याकडून कोरडी माहिती, कारण मार्च-जुलैमध्ये माझ्याकडंच येता रडत. बाहेरचा शेअर २४ महिन्यांच्या वर ठेवला तर साडेबारा टक्के, आधी विकला तर तुमच्या स्लॅबनं. भारतातल्या शेअरवर जी सव्वा लाखाची सूट मिळते ती इथं नाही. डिव्हिडंडवर तिकडं २५ टक्के कापतात, ते फॉर्म ६७ भरून इथल्या टॅक्समधून वजा घेता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक शेअर असला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावंच लागतं आणि मग आयटीआर एक किंवा चार चालत नाही. लूमवाले, तुम्ही जर ४४ एडी खाली, म्हणजे अंदाजे नफा धरून, आयटीआर चार भरत असाल तर एका मायक्रॉनसाठी फॉर्म बदलणार. ते अॅपवाले सांगत नाहीत.

लूमवाला_अशोकचौक
हो ताई, चारच भरतो. मग नॅस्डॅकचा, म्हणजे अमेरिकेतल्या शेअरांच्या इंडेक्सचा ईटीएफ फंड घेतला तर? तो तर आपल्याच एक्सचेंजवर मिळतो.

करसल्लागार_जुळेसोलापूर
फॉर्मचा त्रास नाही त्यात. पण घेण्याआधी त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची खरी किंमत, आणि बाजारातला भाव दोन्ही बघा. परदेशात गुंतवायची फंडांची मर्यादा भरलीय, नवीन युनिट निघत नाहीत, त्यामुळं ईटीएफ बऱ्याचदा एनएव्हीपेक्षा चढ्या भावानं विकला जातो. शंभराची वस्तू एकशे दहाला घेतली तर ते दहा कधीही उडून जाऊ शकतात, इंडेक्स जागेवर असला तरी. एनएव्ही फंडाच्या साईटवर रोज असते.

टेन्शन_नाही_बे
हे मला माहीत नव्हतं. टेलिग्रामवरच्या सरांनी कधी सांगितलं नाही.

म्हातारा_मुरारजीपेठ
सरांचा सेबी नोंदणी नंबर विचारा एकदा. सेबीच्या साईटवर टाकून बघता येतो.

एमएससीआयटी_वाले_सर
माझी एक शंका दुकानवाल्यांना. सगळे म्हणतात अपग्रेडची लाट, तुमच्याकडं दिसतेय का खरंच?

नवीपेठ_दुकानवाला
दिसतेय पण लाट म्हणण्यासारखी नाही. सीए ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, यांनी बदलले, कारण ऑडिटवाला विचारतो. घरगुती गिऱ्हाईक? दहातले सात-आठ जण एसएसडी टाकून घेतात आणि जातात. कोविडमध्ये पोरांच्या ऑनलाईन शाळेसाठी ज्यांनी नवीन घेतले त्यांचे तर बहुतेक ११ ला बसतातच, ते कशाला बदलतील. बरीच दुकानं, सेतूवाले, अजून विंडोज ७ वर आहेत, ज्याचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपला. त्यांना मी १० चं सांगायला गेलो तर म्हणतात चालू आहे ना, मग झालं. हिशोबात कंपन्या जे धरतात ना, एवढे कोटी कॉम्प्युटर जुने म्हणजे एवढे कोटी नवीन विकले जाणार, त्यात आमच्या गिऱ्हाइकाचा हा स्वभाव धरलेला नसतो.

लूमवाला_अशोकचौक
ठरवलं. ऑफिसला आणि बहिणीला आठव्या जनरेशनचे दोन, जुना साफ करून एसएसडी. उरलेले पैसे इंडेक्स फंडात एसआयपी, टेक्नॉलॉजीचा शेअर सध्या नाही. दुकानवाले दादा, दोन डबे १६ जीबी रॅमसकट मिळतील का?

नवीपेठ_दुकानवाला
८ वर घ्या मालक. टॅलीला ८ पुरतात आणि दुसरा स्लॉट रिकामा राहतो, रॅम उतरली की टाकू. आत्ता १६ घेतलात तर दोन डब्यांच्या रॅमलाच बहिणीच्या स्क्रीनचे पैसे जातील. येताना टॅलीचा सिरियल नंबर आणि रजिस्टर्ड ईमेलचा पासवर्ड आणा, जुन्यावरनं लायसन्स सरेंडर करून मग नवीनवर चढवायचं असतं, तो ईमेल जुन्या अकाउंटंटच्या नावावर निघाला तर आधी ते सोडवा. अमावस्येला दुकान बंद असतं, बाकी कधीही या.